बिनमरामतीच्या खिडक्या

शिरूरपासून बीडपर्यंतच्या वाटेवर छबुबाई कासारणीला न ओळखणारी बाई सापडली नसती. डोक्यावर गाठोडं, दोन्ही खांद्यांवर दोरीत ओवलेल्या बांगड्यांच्या लडी, आणि पावलागणिक त्यांची किणकिण. ती वेशीशी आली की त्या आवाजानंच बायका हातातलं काम टाकून दारात येत. हात बघताक्षणी ती माप ओळखायची. हात कितीही आडमाप असो, बोटं अशा बेतानं दाबायची की बांगडी मनगटावर कधी उतरली ते त्या बाईला कळायचंसुद्धा नाही. आणि हात तिच्या हातात आहे तोवर समोरची बाई घरातलं सगळं बोलून मोकळी व्हायची.

वर्षातला बराचसा काळ ती अशी फिरतीवर असायची. नवरा मुंजाजी तट्टू घेऊन बीड-जालन्याहून माल आणायचा आणि ती विकायची. दोघी लेकी सासरी नांदत होत्या. लग्न झाल्यापासून नवराबायको मुंजाजीच्या थोरल्या भावाच्या घरात एका खोलीत राहत आली होती. त्या खोलीला खिडकी नव्हती. माळवदाच्या छताला ठेवलेल्या भोकातून पडेल तेवढा उजेड. पाऊस आला की त्या भोकावरही मडकं पालथं घालायचं. हिरवी बांगडी कुठली आणि निळी कुठली हे निवडायला छबुबाईला सगळा पसारा घेऊन दारात येऊन बसावं लागे, आणि येणारी-जाणारी कोंबडी त्यातून चालत जाई.

हैदराबादला मुसी नदीचा मोठा पूर आला त्याच्या पुढच्या वर्षी, दसऱ्याला, त्यांनी सिंदफणा नदीच्या बाजूला स्वतःच्या घराचा पाया घातला. दिवाळीपर्यंत भिंती कमरेइतक्या वर आल्या. मग एका सकाळी शहादेव गवंड्यानं थापी खाली ठेवली.

"वैनी, आता खिडक्यांचं सांगा. कुटं सोडू, केवढ्या सोडू आन त्यात बसवायचं काय? दीड हात रुंद भिंत हाय. मागून मन बदललं तर मला फोडायला लावू नका."

मुंजाजी जणू याच प्रश्नाची वाट बघत होता. तो पुढे सरसावला. "मी सांगतो. बीडला एका वकिलाचा बंगला हाय, त्याला हायेत तशा. हिरव्या रंगाची झडपं आन वरच्या अंगाला काचा. तांबड्या, पिवळ्या, हिरव्या. सकाळी ऊन आलं की जमिनीवर जाजम अंथरल्यावानी दिसतंय, शहादेव. मी रस्त्यावर उभा ऱ्हाऊन बघतच बसलो. तट्टू मला सोडून पुढं गेलतं."

"आन त्या काचा पुसायच्या कोनी?" छबुबाईनं विचारलं.

"मी पुसीन की."

"तुमी? तुमाला सोताचं धोतर वाळत घालायचं ध्यान ऱ्हात न्हाई."

शहादेवानं हसू लपवायला तोंड फिरवलं. मुंजाजी मात्र रागावला नाही. तो रागावणारा माणूसच नव्हता. त्याला जगात जे जे रंगीत होतं ते सगळं आवडायचं, म्हणून तर कासारकीत त्याचं मन रमलं होतं.

छबुबाईला खिडक्या नको होत्या असं मुळीच नाही. इतकी वर्षं अंधारात काढल्यावर तिला त्या कुणापेक्षाही जास्त हव्या होत्या. पण तिचं म्हणणं सरळ होतं.

"मला उजेड पायजे, वारा बी पायजे. पन मी दोन दोन म्हैने घरी नसते, हे बी मालासाठी हिंडतेत. आमी कुलूप लावून गेलो आन परत आलो तर खिडकी जशीच्या तशी सापडली पायजे. तेल न्हाई, रंग न्हाई, सुताराच्या दारी जानं न्हाई. एकदा बसवली की तिची मरामत म्हनून नाव काडायचं न्हाई."

"अशी खिडकी कुटं असती का वैनी?"

"असंल. मी इतक्या घरांत जाते, पन आजवर बायांचे हातच बघितले. आता खिडक्या बघते."

कपिलधारची यात्रा तोंडावर आली होती. त्या फिरतीवर ती निघणारच होती. शहादेवाला तिनं सांगितलं की मी येईपर्यंत मागची भिंत उचला, तिला खिडकी नाहीच. आणि मुंजाजीला मागाहून बीडला माल आणायला जायला सांगून ती स्वतः आधीच गावं करत निघाली.

बीडच्या पेठेत राधाकिशन कापडवाल्याकडे तिचा पहिला मुक्काम असे. त्याची बायको रुक्मिणीबाई हात पुढे करून बसली आणि छबुबाईनं तिच्या मुठीला आकार देता देता विचारलं, "बाई, तुमच्या खिडक्यांला लोखंडाचे गज हायेत. बरे पडतेत का हो?"

रुक्मिणीबाईनं मान वळवून खिडकीकडे बघितलं. आजवर तिला नवऱ्याबद्दल, सासूबद्दल, पोराबाळांबद्दल खूप जणींनी विचारलं होतं. खिडकीबद्दल कुणी नाही. मग मात्र ती सुटली.

"बरे? अगं, लोखंडाला काय होतंय म्हणून यांनी बसवले. हे बघ लुगडं! नुसतं टेकलं तर तांबडा पट्टा. दर दसऱ्याला गज खरडायचे, तेल लावायचं, की पुढच्या पावसात पुन्हा तेच. भिंतीवर तांबडे ओघळ उतरलेत. आमच्या सासूबाई म्हणतात, खिडकीनं पान खाल्लंय."

दोघी इतक्या हसल्या की एक बांगडी वाढली. छबुबाईनं तिच्या जागी दुसरी भरली आणि मनातल्या मनात लोखंड बाद केलं.

पालीला मोहनराव देशमुखांचं मोठं घर होतं. त्यांची बायको विमलबाई हौशी होती. तिच्याकडे मुंजाजीच्या स्वप्नातल्याच खिडक्या होत्या, लाकडी झडपांच्या, रंग दिलेल्या, काचा बसवलेल्या. छबुबाईनं उत्सुकतेनं विचारलं, तर विमलबाईनं कपाळाला हात लावला. तोही एकच, कारण दुसरा छबुबाईच्या ताब्यात होता.

"पावसाळ्यात फुगतात अन् उन्हाळ्यात वाकतात. आमचा सुतार दर मिरगाच्या आधी येतो. आठ दिवस रंधा मारतो, आठ दिवस जेवतो, अन् तो गेला की दुसऱ्या दिवशी खिडकी पुन्हा अडकते. पश्चिमेची ती बघ. रंगाचे पापुद्रे निघालेत. तिच्या दोन काचा माकडांनी फोडल्या, तिथं आता पत्रा ठोकलाय. ती उघडायची असली तर गडी बोलवावा लागतो."

"आन ही ओसरीतली? ही तर नव्यावानी दिसती."

"ती शहाणी आहे. ओसरीच्या आत असल्यामुळं तिला ना ऊन दिसतं ना पाऊस. तिला कधी हात लावावा लागला नाही."

पालीहून पुढे निघाली तेव्हा छबुबाईला या चौकशीची गोडी लागली होती. वाटेतल्या प्रत्येक घरी तिनं तोच विषय काढला आणि प्रत्येक घरी तिला वेगळंच काही ऐकायला मिळालं. एकीच्या आंब्याच्या लाकडाच्या चौकटीला वाळवी लागली होती. एकीच्या खिडकीत कोंबडी अंड्यावर बसली होती, म्हणून पिल्लं निघेपर्यंत ती लावायची नाही असा घरात हुकूम होता. एक तरणी पोर म्हणाली, "मावशी, आमच्या खिडकीत सासूबाई बसतेत. ती खिडकी लागतच न्हाई," आणि आतून सासूचा आवाज आला, "ऐकतीया मी!"

कपिलधारला यात्रा भरली होती. धबधब्याचं पाणी वरून कोसळत होतं, ओल्या कपड्यांनी लोक देवाला चालले होते, आणि झाडांखाली दुकानांची रांग लागली होती. छबुबाईनं चादर अंथरली. तुषारांनी भिजलेले थंडगार हात एकामागून एक तिच्यापुढे येत राहिले. दोन दिवसांत लडी रिकाम्या झाल्या, गाठोड्यात थोड्या बांगड्या तेवढ्या उरल्या. पण चालून चालून तिची टाच फुटली होती. शेवटी बांगड्या भरायला आलेल्या एका म्हातारीनं ते बघितलं.

"आशी कशी जाशील गं? माझं घर वरल्या वस्तीवर हाय. चल, हळद-तेल लावते. भाकरी खा आन सकाळी जा."

म्हातारीचं नाव दगडाबाई. तिचं घर लहान होतं, जुन्या दगडाचं. आत शिरताना छबुबाईनं सवयीनं मान खाली घातली आणि अंधाराची वाट बघितली. पण आत अंधार नव्हता. चुलीपाशी खिडकीतून ऊन आलं होतं. परातीतलं पीठ पांढरं शुभ्र दिसत होतं.

ती खिडकी सगळी दगडाची होती. खाली एक लांब शिळा, बाहेरच्या बाजूला उतरती केलेली. दोन्ही अंगांना उभे दगड, वर आडवा दगड, आणि त्याच्याही वर भिंतीतून हातभर पुढे आलेली फरशी, म्हणजे पाऊस आत येऊ नये. मधे गजांच्या जागी दगडाचेच उभे चौकोनी खांब. आतल्या बाजूला जाडजूड बाभळीची एक अख्खी फळी, झडप म्हणून. तिला बिजागरी नव्हती, खिळा नव्हता. फळीलाच वर आणि खाली खुंट्या ठेवलेल्या, आणि त्या दगडातल्या खोबणीत फिरत होत्या. छबुबाईनं बोटानं ढकलली. फळी सुपासारखी हलकी फिरली.

"आजे, हिला काय काय करावं लागतंय?"

"कुनाला?"

"या खिडकीला."

दगडाबाईला प्रश्न कळेना. तिनं खिडकीकडे बघितलं, मग छबुबाईच्या टाचेकडे. हिला ताप तर नाही ना चढला, अशा नजरेनं.

"खिडकीला काय करायचं असतंय गं बाई?"

छबुबाई टाच विसरून उभी राहिली. "तेल? रंग?"

"मी लगीन होऊन आले तवा ही आशीच होती. माझी सासू आली तवा बी. फळी तेवढी आमच्या मालकांनी केली, ती बी लई वरसं झाली. विहिरीवर मोटेला जुनं लाकूड होतं, पान्यात भिजून भिजून काळं झालेलं. त्याला उधई-वाळवी बी तोंड लावीत न्हाई."

छबुबाईला इतका आनंद झाला की तिनं म्हातारीचे दोन्ही हात धरले. मग मापं घ्यायला बसली. लांबी-रुंदी पदरानं मोजली आणि पदराला गाठी मारल्या. दोन दगडी खांबांमधली फट मोजायला गाठोड्यातून एकेक बांगडी काढून लावून बघितली. सगळ्यांत मोठ्या मापाची बांगडी बरोबर बसली. ती तिनं जपून वेगळी बांधली आणि उरलेल्यांतल्या चांगल्यात चांगल्या बांगड्या दगडाबाईच्या हातात भरल्या. म्हातारी नको नको म्हणत होती आणि हात मात्र पुढे करत होती.

शिरूरला परत आली तेव्हा घराच्या जागेवर गर्दी दिसली. भिंत तर पडली नाही? जवळ गेल्यावर लोक हसत असल्याचं दिसलं. मधे तट्टू उभं होतं, आणि तट्टूशेजारी मुंजाजी, डोक्याला पटका नसलेला. गावात बोडक्या डोक्यानं फिरणारा माणूस म्हणजे एक तर घरात सुतक किंवा मग डोकं फिरलेलं. मुंजाजीचा पटका, त्याची घोंगडी आणि अंगावरची बंडीसुद्धा एका मोठ्या चौकोनी वस्तूला गुंडाळलेली होती.

"अवो, हे काय?"

मुंजाजीनं घोंगडीचा कोपरा उचलला. आत हिरवी झडप होती, आणि वर तांबडी काच.

"बीडला येक जुना बंगला मोडीत हायेत," तो म्हणाला. "तिथंच पडून होती. म्हनलं, ही तर कुनीतरी जाळून टाकंल."

"आन बांगड्या?"

"त्या... म्होरल्या खेपंला आनतो. तट्टावर जागाच ऱ्हायली न्हाई."

"आन पटका?"

"काच हाय ती, छबू. हादरा बसला असता."

तो थंडीनं काकडत होता. बीडपासून बंडीशिवाय चालत आला होता, आणि वाटेतल्या प्रत्येक गावात लोकांनी त्याला थांबवून हे काय म्हणून विचारलं होतं. त्यानं प्रत्येकाला घोंगडी उचलून दाखवलीही होती. छबुबाईनं रागवायचं ठरवलं, तोंड उघडलं, आणि तिला हसूच फुटलं. एकदा फुटल्यावर आवरेना. ती तिथंच दगडावर बसली, पदरानं डोळे पुसत. मग उठून तिनं त्याचा पटका सोडवला, त्याच्या डोक्याला गुंडाळला आणि म्हणाली, "आधी अंगात घाला कायतरी. मग बघू कुटं बसवायची ते."

"बसवायची?" मुंजाजीचा विश्वास बसेना.

"ओसरीच्या आतल्या भिंतीला. तिथं ऊन-पाऊस लागत न्हाई, पालीला देशमुखीनबाईंच्या घरी बघून आलीया मी. सकाळचं ऊन तेवढं ओसरीत तिरपं येतंय, ते तुमच्या काचांला बास हाय. पन येक सांगते. तिचं पुसनं, तेलपानी, समदा जिम्मा तुमचा. मी फडकं हातात घेनार न्हाई."

"कबूल!" मुंजाजी म्हणाला. त्या घडीला त्याला रोज नदीवरून पाणी आणायला सांगितलं असतं तरी तो कबूल म्हणाला असता.

बाकीच्या तीन खिडक्या छबुबाईच्या. तिनं पदराच्या गाठी शहादेवापुढे धरल्या, ती बांगडी दिली आणि जमिनीवर काडीनं सगळं काढून दाखवलं. शहादेवानं बांगडी डोळ्यापुढे धरून बघितली. "गवंडीकामात मापाला गुन्या बघितला, ओळंबा बघितला, बांगडी आजच बघतोय," तो म्हणाला. पण त्याला ती खिडकी मनापासून पटली. त्यानं ओळखीच्या पाथरवटाकडून काळा दगड घडवून घेतला. जुनं लाकूड शोधायला तो आणि मुंजाजी दोघं गावभर हिंडले. शेवटी एका मळ्यात बुजलेल्या विहिरीवर मोटेचं लाकूड सापडलं, कोळशासारखं काळं. सुताराची करवत त्यात दोनदा अडकली. प्रत्येक वेळी छबुबाई खूश होत होती.

पहिली खिडकी रस्त्याच्या बाजूला बसली. छबुबाईनं घागर भरून आणली आणि सगळ्यांदेखत खालच्या शिळेवर उपडी केली. पाणी सरळ बाहेर धावलं आणि रस्त्यावर उभ्या असलेल्या शहादेवाच्या पायांवर पडलं. आत एक थेंब नाही. मग तिनं फळी लावली आणि सुताराला बाहेरून मूठभर धूळ फेकायला सांगितलं. हाक मारताना 'सुतार' म्हणायच्या ऐवजी ती आनंदात 'सुता' म्हणाली आणि ते नाव त्या सुताराला गावात कायमचं चिकटलं. फळी उघडली तेव्हा शिळेवर थोडी धूळ होती. तिनं फुंकर मारली. झाली मरामत.

तेवढ्यात नदीवरून धुणं घेऊन येणारी एक शेजारीण थांबली. दगडी खांबांमधून तिनं हात आत घातला आणि म्हणाली, "छबुबाई, खिडकी झालीच हाय तर मुहूर्ताच्या बांगड्या मलाच भर."

फट मोठ्या बांगडीच्या मापाची होती, त्यामुळे हात आरामात आत आला होता. छबुबाईनं तो तसाच धरला आणि आत बसून, भरपूर उजेडात, बाहेर उभ्या असलेल्या बाईला बांगड्या भरल्या. तिच्या मागं दुसरी आली, मग तिसरी. संध्याकाळपर्यंत खिडकीबाहेर बायकांची रांग लागली होती. चिखल तुडवायला नको, कोंबडीची लुडबूड नको. असं काही होईल हे कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं, छबुबाईच्यासुद्धा नाही.

वास्तूच्या दिवशी पुरणपोळ्या झाल्या. सकाळी ऊन ओसरीत आलं तसं मुंजाजीनं सगळ्यांना हाका मारून आतल्या खोलीत नेलं. शेणानं सारवलेल्या जमिनीवर तांबडे, पिवळे, हिरवे चौकोन पडले होते. लेकी माहेरी आल्या होत्या, त्या त्यात उभ्या राहून एकमेकींचे तांबडे हात बघत हसत होत्या. छबुबाई पुरणात गुंतल्याचं दाखवत होती, पण तीसुद्धा दोनदा डोकावून गेली. दुसऱ्या दिवशी तर तिनं बांगड्या निवडायला नेमकं तिथंच बस्तान मांडलं. त्या रंगीत उजेडात हिरवी कुठली आणि निळी कुठली हे मुळीच कळेना. तिच्या हातून सगळ्या लडी एकत्र झाल्या आणि पुढच्या बाजारी एका नव्या नवरीच्या हिरव्या चुड्यात मधेच एक निळी निघाली. नवरीला ती इतकी आवडली की तिनं सगळ्याच तशा आलटून पालटून भरून घेतल्या. पुढे वर्षभर शिरूरच्या पोरी तशाच बांगड्या मागत होत्या.

मुंजाजीनं आपला शब्द पाळला. माल घेऊन आला की तट्टू सोडायच्या आधी तो फडकं घेऊन काचांपुढे उभा राही. जवसाचं तेल, मऊ कापूस, सगळी तयारी. छबुबाईच्या खिडक्यांकडे मात्र कुणी वळूनही बघत नव्हतं, आणि ती हेच अभिमानानं सगळ्यांना सांगायची. पहिला उन्हाळा गेला, पावसाळा गेला. ती दोन महिन्यांच्या फिरतीवरून आली, कुलूप काढलं, फळी ढकलली आणि ती फिरली.

ही गोष्ट बांगड्यांबरोबर गावोगाव गेली. रुक्मिणीबाईनं नवऱ्याच्या मागं लकडा लावला. पण सगळ्यांत आधी निरोप आला तो पालीहून. विमलबाईनं देशमुखांना पटवलं होतं. पश्चिमेच्या सगळ्या खिडक्या काढायच्या आणि छबुबाईच्यासारख्या बसवायच्या. शहादेवाला आणि छबुबाईला आणायला देशमुखांनी स्वतःची छकडा गाडी पाठवली.

बैलांच्या गळ्यात घुंगरं, गाडीत गादी. छबुबाई आयुष्यात पहिल्यांदा रिकाम्या खांद्यांनी गावाबाहेर निघाली होती. कुठे हात ठेवावा हेच तिला समजेना. शहादेव पुढे गाडीवानाजवळ बसला. गल्लीतल्या बायका बघायला जमल्या होत्या. कुणीतरी ओरडलं, "छबुबाई, खिडक्या बघाया चाललीस का वरात काडलीस?"

गाडी हलली तसा मुंजाजी बाजूनं पळत आला. गाडीच्या कडेला धरून तो हळूच, शहादेवाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाला, "छबू, येक काम हुतं."

"काय?"

"त्या देशमुखांच्या काडलेल्या काचांचं काय करनार हायेत, तेवढं इचारून ये की."

छबुबाई इतकी मोठ्यानं हसली की बैल दचकून पळायला लागले, आणि गाडीवानाला ते आवरता आवरता वेस मागे पडली.